७. माहेरची वही
नाशिक-त्र्यंबकेश्वरचे क्षेत्रोपाध्ये यजमानांच्या वंशावळी ज्या चोपड्यांत ठेवतात, त्यांतली कथेतल्या आजीच्या बापाच्या घराण्याची वही. अस्थिविसर्जनाला, श्राद्धाला किंवा सिंहस्थाला आलेला माणूस आपले नाव, बाप, आजा, भाऊ, मुले सांगतो आणि खाली सही किंवा अंगठा करतो. पुढच्या पिढीतले कोणी आले की तेच पान त्याच्यापुढे उघडले जाते. जुन्या नोंदी मोडीत आणि शकात असतात. शके १८०७ म्हणजे इ. स. १८८५-८६.

आजीची खरी अडचण मात्र लिपीची किंवा शकाची नाही, वेगळीच आहे. वह्या गाव आणि आडनाव यांवर लावलेल्या, वंश बापाकडून मुलाकडे चाललेला. लग्नात आडनाव बदललेली आणि कधीकधी पाळण्यातले नावही गमावलेली बाई सासरच्या पानावर सापडली, तरी तिथून माहेराचा माग निघेलच असे नाही. भाऊ नसेल तर बापाचे पान तिथेच थांबते, कारण पुढे ते लिहवायला येणार कोण?

श्राद्धात मात्र आई, आजी, पणजी यांची आणि आईच्या वडिलांचीही नावे घ्यावी लागतात. म्हणूनच आजी क्षेत्रोपाध्ये गुरुजींना ‘मामाच्या मुलाचं पान काढा’ म्हणते. ते घराणे तिच्या आईचे.

या वह्यांखेरीज गावच्या जुन्या कोतवाल बुकातल्या (गाव नमुना १४) जन्ममृत्यूच्या नोंदीही उपयोगी पडतात. शोध घेऊ पाहणाऱ्या वाचकाने घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडून माहेरचे गाव, आडनाव आणि आजोबांचे नाव आजच लिहून घ्यावे.