चंचीतली धार

खिशात चाकू बाळगणारा माणूस म्हटला की डोळ्यांसमोर शेतकरी, मास्तर किंवा तलाठी उभा राहत नाही. उभा राहतो तो हिंदी सिनेमातला दादा, बटण दाबून पाते बाहेर काढणारा. इस्लामपूरसारख्या तालुक्याच्या गावातही चारचौघांत कुणी चाकू उघडला तर लोक आधी त्याच्या तोंडाकडे बघतात. ही समजूत जुनी वाटते, पण ती फार तर दोन-तीन पिढ्यांची आहे. त्याआधी कृष्णा-वारणेच्या या पट्ट्यात मिटणारे पाते जवळ बाळगण्यात कुणाला काही वावगे दिसत नसे. ते दोन वाटांनी आले होते, एक कुलकर्ण्याच्या कलमदानातून आणि दुसरी कुणब्याच्या चंचीतून. या वाटा बुजल्या त्या गुंडांमुळे नाही आणि कायद्यामुळे तर नाहीच. या पात्यांनी जे कापायचे तेच माणसाच्या हातातून गेले.

कलमदानाचे आधी पाहू. मोडी लिहायची ती बोरूने. बोरू म्हणजे एका गवताची पोकळ काडी. त्याचे टोक तिरके छाटायचे, मधोमध बारीक चीर द्यायची आणि शेवटी टोकावर एक आडवा काप मारून लेखणी हवी तेवढी जाड ठेवायची. शाईत भिजून टोक मऊ पडले, अक्षर फुगायला लागले, की पुन्हा तासायचे. त्यामुळे लिहिणाऱ्याजवळ छोट्या पात्याचा, बारीक धारेचा चाकू दौतीइतकाच आवश्यक होता. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले, त्यानंतर जमीनमोजणी आणि आकारणीची दप्तरे गावोगाव वाढली, तेव्हा इस्लामपूरचा वाळवा तालुका सातारा जिल्ह्यातच होता. लिखाण वाढले तसे तासणेही वाढले असणार. शेफील्डचे मिटते चाकू मुंबईच्या बाजारात मिळू लागले, त्यांचे साहजिक गिऱ्हाईक म्हणजे हा कारकून वर्ग. मग पोलादी निब आले, फाउंटन पेन आले, शाळेतून मोडी गेली. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने संपली तोवर कलमदानातला चाकू बिनकामाचा होऊन गेला होता.

दुसरी वाट अधिक रुंद आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची. चंची म्हणजे कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी, गुंडाळून नाडीने बांधायची आणि कमरेला खोचायची. तिच्यात पान, सुपारी, कात, तंबाखू, चुन्याची डबी, चिलीम ओढणाऱ्याकडे चकमक आणि गारगोटी, आणि अडकित्ता. स्विस सैन्याला १८९१ पासून मिळू लागलेल्या घडीच्या चाकूचे जगभर कौतुक झाले. एका मुठीत चार कामे, हे त्याचे वैशिष्ट्य. आपल्याकडे ती चार कामे एका चंचीत होती. यावर हरकत निघेल की अडकित्ता हा चाकू नव्हे. त्याने ऊस सोलता येत नाही, दोरी कापता येत नाही. खरे आहे. पण मिटत्या चाकूची खरी करामत कशात आहे? बंद केल्यावर धार झाकली जाते, म्यान लागत नाही, आणि अंगावर बाळगले तरी इजा होत नाही. अडकित्त्याची रचना नेमकी तीच आहे. दोन दांड्या टोकाशी एका खिळ्याने जोडलेल्या, एकीला धारेचे पाते, दुसरी बोथट. मिटला की धार बोथट दांडीवर टेकून बसते. राहिला ऊस आणि दोरी. त्यासाठी रानात गेलेल्या माणसाच्या हातात विळा, खुरपे नाहीतर कोयता आधीच असे. खिशातल्या पात्यासाठी जागा उरत होती ती पारावर, बाजारात आणि पाहुण्यांत, आणि ती अडकित्त्याने भरून काढली होती. शिवाय तो एकट्याचा नसे. एकाने सुपारी कातरायची आणि खांड चौघांना द्यायचे, हा त्याचा वापर. असे पाते भीती घालत नाही.

आता हे पाते आपल्या हाताजोगे करून घेण्याबद्दल. घोडा, मोर, पोपट अशा आकारांचे पितळी अडकित्ते पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. ती श्रीमंतांची हौस. गावातली हौस साधी होती, पण होती. दांडी बोटांना बसेल इतकी वाकवून घ्यायची, ढिला खिळा ठोकून घट्ट करायचा, झिजलेल्या पात्याला नवे पोलाद जोडून घ्यायचे. लोहाराकडे शेतकरी आपले लोखंड, आपला कोळसा घेऊन जाई आणि पुष्कळदा भाताही स्वतःच ओढी. वस्तू घडताना मालक समोर बसलेला असे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाड्या’त बलुतेदारीचे जे चित्र रेखाटले आहे ते वाचणारा इथे मला अडवील. ही काही कारागिरीची मौज नव्हती; जातीने बांधलेले काम होते, आणि बलुत्याच्या धान्यावरून दर सुगीला कुरबुर होई. ही हरकत मी मान्य करतो. लोहाराच्या बाजूने पाहिले तर त्यात स्वातंत्र्य थोडेच होते. पण माझा मुद्दा वस्तूचा आहे. तयार पाते विकत घेऊन तसेच वापरायचे, ही रीतच नव्हती. धारेचे तर वेगळेच घराणे होते. सांगली-साताऱ्यात गावोगाव भेटणारे शिकलगार मूळचे तलवारींना धार आणि झिलई देणारे. १८१८ नंतर मराठी फौजा मोडल्या, १८७८ च्या शस्त्र कायद्याने उरलीसुरली हत्यारे घरांतून काढली, आणि या हातांना विळे, कात्र्या, चाकू, अडकित्ते यांवरच पोट भरावे लागले. तलवारीची धार अशी सुपारीवर आली.

मग चाकू बदनाम झाला तो कधी? कायदा म्हणावा तर १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे १९६२ चे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याबद्दल बोलत होते, आणि घरगुती व शेतीची अवजारे त्यातूनही वगळली होती. मुंबई (आता महाराष्ट्र) पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला, मोर्चाच्या वेळी सुरे-लाठ्या बाळगण्यावर बंदी येते, पण तीही ठरावीक दिवसांपुरती. खिशातल्या छोट्या चाकूला यातल्या कशानेही गुन्हेगार ठरवले नव्हते. ते काम उत्तरेतल्या रामपूरच्या चाकूने आणि त्याला नायक-खलनायकांच्या हाती देणाऱ्या पडद्याने केले. पण पडद्याचा प्रभाव इतका पडला तो जागा रिकामी होती म्हणून. बोरू गेलेला होता. पुढे कातरलेली सुपारी पुडीत आली, मागून गुटखा आला आणि चंची कमरेवरून उतरली. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, तरी अडकित्ता काही परत आला नाही. पुडी फाडायला दात पुरतात. लोकांच्या नजरेसमोर चाकूचे एकच चित्र उरले, आणि ते रामपुरीचे.

जिथे कापायचे काम टिकले तिथे मात्र मिटता चाकू अजून निर्धास्त फिरतो. तासगाव भागातल्या द्राक्षबागांत डॉगरिज जातीच्या खुंटावर साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात पाचर कलम बांधतात. पेन्सिलीएवढ्या काडीचे टोक दोन्ही बाजूंनी सपाट तासून पाचर करायची, ती खुंटाच्या चिरेत बसवायची आणि पट्टीने आवळायची. दोन्ही अंगांनी उतार दिलेले नेहमीचे पाते काडीत रुतते आणि काप खोलगट येतो, मग सालीला साल नीट भिडत नाही. कलमाच्या पात्याला म्हणून एकाच अंगाने धार लागते. दुसरे अंग आरशासारखे सपाट हवे. बाजारचा साधा चाकू असेल तर तो दगडावर घासून तसा करून घ्यावा लागतो, आणि दिवसभरात अनेकदा पाजवावा लागतो. कलम बांधणाऱ्याची कमाई दिवसाकाठी किती कलमे नीट बांधून होतात यावर असते, त्यामुळे आपला चाकू तो सहसा दुसऱ्याच्या हाती देत नाही. बोरू तासणाऱ्या कारकुनालाही अशाच एका सरळ कापाची गरज होती.