नायकाने काढलेली गाण्याची शाळा

शनिवार पेठ म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे शनिवारवाडा उभा राहणार, फार तर नदीकाठचा ओंकारेश्वर. पण याच पेठेत, मेहुणपुऱ्यात, गाण्याची एक शाळा आहे: गंधर्व महाविद्यालय. 8 मे 1932 रोजी पुण्यात ही शाळा ज्यांनी काढली, ते विनायकबुवा पटवर्धन आदल्या दहा वर्षांत महाराष्ट्राला ठाऊक होते ते संगीत नाटकांतले नायक म्हणून. तोंडाला रंग लावून टाळ्या घेणारा माणूस खडू हातात घेऊन पोराटोरांना ‘सा रे ग म’ शिकवायला का बसला, ही हकीकत आज सांगायची आहे.

युरोपात ज्याला ऑपेरा म्हणतात, त्याच्या सर्वांत जवळचा आपला प्रकार म्हणजे संगीत नाटक. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी माणसाला नाटकाच्या तिकिटात गाण्याची मैफलही मिळू लागली. फरक इतकाच, की ऑपेरात संभाषणसुद्धा बहुधा गाऊनच होते. आमच्याकडे गद्य बोलता बोलता नट पदावर येतो. आणि पद रंगले की ‘वन्स मोअर’! मग नाटक गेले कुठल्या कुठे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळला पाहिजे, सूर ढळता कामा नये, आणि तेही ध्वनिवर्धकाशिवाय. अशा तालमीतून जो गळा तयार होई तो कसा असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

विनायकबुवांचा जन्म मिरजेचा, 22 जुलै 1898 चा. गाण्याचे पहिले धडे चुलत्यांकडून, केशवरावांकडून, मिळाले. मग 1907 साली हा नऊ वर्षांचा मुलगा लाहोरला गेला. मिरज कुठे, लाहोर कुठे! पण तिथे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची शाळा होती.

या पलुसकरांविषयी चार शब्द बोलायलाच हवेत. कुरुंदवाडचा हा कीर्तनकाराचा मुलगा. लहानपणी दारूकामाच्या अपघातात डोळे भाजले आणि दृष्टी फार अधू झाली. आता शाळेत पुढे काय होणार, म्हणून त्याला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याला घातले. म्हणजे ज्याला पाटीवरचे अक्षर धड दिसेना त्या मुलानेच पुढे 5 मे 1901 रोजी लाहोरला सर्वांसाठी खुली असलेली संगीताची शाळा काढली, आणि गाणे छापील पुस्तकांत उतरवले.

त्याआधी गाणे शिकायचे म्हणजे काय होते? गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे, आणि बुवांची किंवा खाँसाहेबांची मर्जी लागेल त्या दिवशी एखादी चीज पदरात पडायची. काही चीजा तर मुलाबाळांखेरीज कुणाला द्यायच्याच नाहीत, असा बाणा. दिवसा कचेरीत कारकुनी करणाऱ्याने, घरंदाज बाईने किंवा सामान्य गळ्याच्या मुलाने काय करावे? त्यांनी दुरून ऐकावे! पलुसकरांनी वेळापत्रक लावले, इयत्ता पाडल्या, परीक्षा ठेवल्या. दार उघडले ते असे.

विनायकबुवा त्या शाळेत शिकले आणि पुढे गुरूंच्या संस्थेत त्यांनी शिकवलेही. आणि अशा शिष्याने 1922 साली गंधर्व नाटक मंडळीत पाऊल टाकले! गुरूंना हे रुचले नाही. गायकाला समाजात मान मिळावा म्हणून जन्मभर झटणारे ते; नाटकवाल्यांना त्या काळी कुठल्या पंक्तीला बसवीत हे त्यांना चांगले ठाऊक होते. मला मात्र वाटते, की बुवांचे ते दिवस वाया गेले असे म्हणण्यात काही अर्थ नाही. समोर नायिकेच्या वेषात बालगंधर्व, तबल्यावर थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष: अशी संगत दुसऱ्या कुठल्या शाळेत मिळाली असती? शिवाय केशवराव भोसल्यांसारखा नायक 1921 च्या ऑक्टोबरात कायमचा गेलेला. ‘संयुक्त मानापमाना’तला त्यांचा धैर्यधर लोकांच्या कानांत ताजा होता. त्या आठवणीपुढे उभे राहून गायचे, हे येरागबाळ्याचे काम नव्हते.

21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेला पलुसकरांनी देह ठेवला. त्याच वर्षी शिष्यांनी गंधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि पुढच्या वर्षी विनायकबुवांनी नाटक कंपनी सोडली. त्याच 1932 साली ‘माधुरी’ या बोलपटात सुलोचनाबाईंबरोबर ते नायक म्हणून झळकले होते, हेही ध्यानात ठेवा. बोलपट नुकताच बोलू लागला होता आणि गाणाऱ्या नटाला त्यात भाव होता. तो रस्ता समोर मोकळा असताना बुवांनी पुण्यात शाळा मांडली!

शाळेत त्यांनी काय केले? ‘राग विज्ञान’ नावाचे सात भाग लिहिले. रागाची माहिती, चीज स्वरलिपीत, पुढे आलाप, ताना, सगळे मांडून दिलेले. खेड्यातला शिक्षक ते उघडून शिकवू शकेल असे. तराण्यावर त्यांची हुकमत होती. नारायणराव व्यास हे गुरुबंधू. त्या दोघांची जोडगायने ज्यांनी ऐकली ते ती विसरत नसत. 1954 साली रशिया, पोलंड, चेकोस्लोव्हाकियाकडे गेलेल्या सांस्कृतिक मंडळातही बुवा होते.

आता एक आक्षेप नेहमी निघतो, आणि तो खोटा नाही. वर्गात तीसजण बसले की गुरूच्या कंठातली ती बारीक हरकत कुणाच्या कानाला लागणार? पुस्तकात मींड लिहिता येते, तिचा वास लिहिता येत नाही. परीक्षा पास झालेले सगळेच मैफल मारत नाहीत, हे कोण नाकारील? पण ज्याला कुणी दारातही उभे केले नसते, त्याला राग ओळखता यायला लागला, हे मोल कुठल्या तराजूत घालायचे? आणि मैफलीचे गवईही या शाळेतून निघालेच की! वडील गेले तेव्हा दहा वर्षांचे असलेले पलुसकरांचे चिरंजीव दत्तात्रेय पुढे विनायकबुवांकडे शिकले. ज्या गुरूंना आपले नाटकात जाणे रुचले नव्हते त्यांच्याच मुलाचा गळा घडवायची वेळ शिष्यावर आली.

बायकांचा प्रश्न तर याहून नाजूक. बुवांच्या नाटक कंपनीत नायिका पुरुष होत. पुण्याच्या हिराबाई बडोदेकरांनी 1929 साली स्वतःची नाटक मंडळी काढून स्त्रीची भूमिका स्त्रीने करायची, असा पायंडा पाडला. मैफलीत बाईने मानाने बसून गावे, हेही त्यांनी दाखवून दिले. पण मंचावर पोहोचण्याआधी मुलीला शिकायला जागा हवी, आणि ती जागा चारचौघांत, वेळेवर सुरू होणारी, आईबापांना निर्धास्त वाटेल अशी हवी. गाण्याच्या शाळेचा इथे मोठा उपयोग झाला. ओडिशातून सुनंदा पटनाईक नावाची मुलगी पुण्याला आली ती विनायकबुवांकडे शिकायला. पुढे त्या अखिल भारतात गाजल्या. 2020 साली त्या गेल्या.

दत्तात्रेय पलुसकर ऑक्टोबर 1955 मध्ये, अवघे चौतीस वर्षांचे असताना वारले. गुरू त्यानंतर वीस वर्षे होते. 1972 साली सरकारने बुवांना पद्मभूषण दिले. त्यांचे निधन 23 ऑगस्ट 1975 चे. गुरूंची पुण्यतिथी होऊन दोनच दिवस झाले होते.