तळ्याकाठची गावं आणि सातवीतला एक नकाशा



बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा आला, मग आळस. पण परवा नागपूरच्या वहिनींनी फोनवर विचारलं, "भाऊजी, तुम्ही युरोपला जाऊन आलात, त्याचं काही लिहिलंच नाहीत." खरं आहे. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. २०१८ च्या जूनमध्ये आम्ही दोघं लेकीकडे झुरिकला महिनाभर होतो. तेव्हा लिहिलं नाही याला एक कारण होतं, ते पुढे येईलच.

तर झालं असं की एका शुक्रवारी संध्याकाळी जावईबापू म्हणाले, "बाबा, शनिवार-रविवार तळ्याकाठी जाऊन येऊ. तुम्हाला आवडतील अशी जुनी गावं आहेत." शनिवारी कॉन्स्टन्स, रविवारी सेंट गॅलन. झुरिकहून आगगाडीनं सव्वा-दीड तास. आपण शनिवारी उठून पैठणला जाऊन यावं, तितकंच.

कॉन्स्टन्स जर्मनीत, पण स्वित्झर्लंडला अगदी चिकटून. हद्द कुठे ओलांडली ते कळतच नाही. गाव ज्या तळ्याच्या काठावर आहे त्याला तिथे बोडनसे म्हणतात. तळं कसलं, सागरच तो! क्षेत्रफळ सुमारे ५३६ चौरस किलोमीटर. आपला नाथसागर साधारण साडेतीनशे. बोडनसे एके ठिकाणी अडीचशे मीटर खोल आहे, आणि त्यातून ऱ्हाईन नदी जाते. एका टोकाला शिरते, कॉन्स्टन्सजवळ बाहेर पडते. सौ. काठावर उभी राहून म्हणाली, "हे आपल्या पैठणसारखंच की!" जावयांना हसू आलं, पण मला ते पटलं. गोदावरीही नाथसागरात वरून येते आणि पैठणला बाहेर पडते. फरक एवढाच की त्यांचं तळं हिमयुगानं केलं आणि आपलं माणसांनी, १९६५ ते १९७६ या अकरा वर्षांत. लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि इंदिरा गांधींनी लोकार्पण. मूळ धरण व्हायचं होतं खाली बीड जिल्ह्यात जायकवाडीला. जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र जायकवाडीच राहिलं. आमच्या वर्गात दर वर्षी एखादा तरी मुलगा विचारायचा, "सर, धरण पैठणला मग जायकवाडी कुठंय?"

असो. कॉन्स्टन्सच्या बंदरातच एक मोठी जुनी इमारत आहे, उतरत्या छपराची. १३८८ साली व्यापाऱ्यांचं गोदाम म्हणून बांधलेली. या गोदामात १४१७ च्या नोव्हेंबरात पोप निवडला गेला! त्या काळी एकाच वेळी तीन पोप होते आणि तिघेही स्वतःला खरे म्हणवत. हा घोळ मिटवायला सिगिस्मुंड राजाच्या आग्रहानं या गावात धर्मसभा भरली, १४१४ ते १४१८, चार वर्षं. कार्डिनल, बिशप, पंडित, सरदार, त्यांचे नोकर, घोडे, आणि सगळ्यांना खाऊ घालणारे. उलरिश रिशेंटाल नावाच्या गावकऱ्यानं हे सगळं लिहून ठेवलं. त्याच्या बखरीच्या जुन्या प्रतींत चाकांच्या गाड्यावर भट्टी ठेवून पाव-समोसे भाजणारे लोक चितारलेले आहेत. मला एकदम नाथषष्ठीची जत्रा आठवली. धर्म कुठलाही असो, गर्दी जमली की भजी तळणारा आधी येतो.

पण याच सभेपुढे प्रागच्या यान हुसला बोलावलं होतं. हा विद्यापीठात शिकवणारा माणूस. लोकांच्या भाषेत प्रवचन करायचा आणि धर्मगुरूंच्या संपत्तीवर बोट ठेवायचा. राजानं त्याला सुरक्षिततेचं पत्र दिलं होतं. तरी आल्यावर महिन्याभरात कैद. काही काळ त्याला ठेवलं तो मठ तळ्यातल्या एका छोट्या बेटावर आहे. आज तिथे महागडं हॉटेल आहे, लोक गच्चीवर बसून कॉफी पितात. ६ जुलै १४१५ ला त्याला गावाबाहेर जिवंत जाळलं आणि राख ऱ्हाईनमध्ये टाकली. मागे काही उरू नये, कुणी पूजा करू नये म्हणून. त्या जागी आता एक मोठा काळा दगड आहे. आम्ही चालत गेलो. आजूबाजूला साधी घरं, सायकली, अंगणात वाळत घातलेले कपडे.

दगडापाशी उभं राहून मला पैठणच दिसत होतं, काय करणार? परंपरा सांगते की संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली ती चार भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली. साल १२८७. रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. सौ. म्हणाली, "आपल्याकडे निदान जाळलं तरी नाही." मी म्हटलं, "आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं होतं, ते विसरलीस?" त्यावर ती गप्प झाली आणि मीही. अशी तराजूत घालून तुलना करू नये हे वर्गात मीच शिकवत असे.

बंदराच्या तोंडाशी इम्पेरिया नावाचा नऊ मीटर उंच पुतळा आहे, १९९३ मध्ये उभारलेला. ही एक गणिका, सावकाश स्वतःभोवती फिरत असते आणि तिच्या दोन तळहातांवर दोन उघडेवाघडे पिटुकले पुरुष, एकाच्या डोक्यावर राजमुकुट, दुसऱ्याच्या डोक्यावर पोपचा. काही लोकांनी खूप विरोध केला म्हणे. आपल्याकडे असला पुतळा एक रात्र टिकला नसता. एवढं बोलून पुढे जातो.

आता रविवार. खरं लिहायचं होतं ते याच दिवसाचं.

त्या धर्मसभेत पोज्जो ब्राच्चोलिनी नावाचा एक इटालियन लेखनिक आला होता, पोपच्या कचेरीतला. अक्षर फार सुंदर. सभेनं त्याच्या पोपलाच १४१५ मध्ये पदच्युत केलं, आणि हा बेकार झाला. १४१६ च्या मे महिन्यात त्यानं हुसचा साथी, प्रागचा जेरोम, जळताना पाहिला आणि त्याच्या धैर्याची आणि वक्तृत्वाची तारीफ करणारं पत्र मित्राला लिहिलं. नोकरी जाऊनही पोपच्या गोटातलाच माणूस तो, असं पत्र लिहायला छाती लागते. त्याच वर्षी तो दोन मित्रांना घेऊन जवळच्या सेंट गॅलनच्या मठात गेला, जुनी पुस्तकं धुंडाळायला. कॉन्स्टन्सहून जेमतेम चाळीस किलोमीटर. म्हणजे आम्ही जी सहल केली तीच त्यानं सहाशे वर्षांपूर्वी केली होती.

मठातली पुस्तकं त्याला सापडली ती एका बुरुजाच्या तळाशी, अंधारात, धूळ आणि बुरशीत. कैद्यालाही ठेवू नये अशी जागा, असं त्यानं लिहून ठेवलंय. त्यातच क्विंटिलियनचा ग्रंथ होता, संपूर्ण. तोवर लोकांकडे त्याच्या तुटक्या प्रतीच होत्या. पोज्जोनं स्वतःच्या हातानं त्याची नक्कल केली. मला आपले एकनाथमहाराज आठवले. ज्ञानेश्वरीत लोकांनी आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. तेही याच नदीकाठी, पैठणला. लढाया आपण पाठ करतो, पण अशा माणसांवर परीक्षेत एक टिपेचा प्रश्न. मीही तेच केलं, पस्तीस वर्षं.

आज सेंट गॅलनचं ग्रंथालय बघण्यासारखं आहे. बुटांवरून मऊ सपाता चढवून आत जायचं, म्हणजे लाकडी जमिनीला चरे पडत नाहीत. दारावर ग्रीक अक्षरांत लिहिलंय, त्याचा अर्थ आत्म्याचं औषधालय. पोज्जोला सापडलेली ती पोथी मात्र तिथे नाही. १७१२ च्या लढाईत झुरिकच्या सैन्यानं मठ लुटला, तेव्हापासून ती झुरिकच्या ग्रंथालयात आहे. म्हणजे लेकीच्याच गावात!

हा क्विंटिलियन कोण? रोममधला मास्तर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्या पहिल्यांपैकी एक. (पेन्शनचं माहीत नाही.) त्याच शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या वहीत पैठणचं नाव आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांची वाट, आणि तिथून गाड्या भरून अकीकासारखे दगड येतात. म्हणजे क्विंटिलियनच्या एखाद्या श्रीमंत विद्यार्थ्याच्या अंगठीत आपल्याकडचा खडा असू शकेल. ही माझी कल्पना, पुरावा नाही.

लेकीनं ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर बसून मोबाईलवर त्या ग्रंथाबद्दल वाचायला घेतलं. मधेच म्हणाली, "बाबा, हे ऐका." क्विंटिलियन म्हणतो की मुलांना मारू नये. ते लाजिरवाणं आहे, गुलामांना साजेसं आहे. मास्तर लक्ष देणारा असेल तर माराची गरजच पडत नाही. आणि मार खाताना भीतीनं मुलांकडून जे होतं, त्याची लाज त्यांना नंतर खात राहते. दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलंय हे. आपल्याकडे शाळेतली शिक्षा बंद करणारा कायदा झाला २००९ मध्ये, मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी.

मी काही बोललो नाही. गाडीत बसल्यावर लेकीनं विचारलं, गप्प का? तेव्हा तिला सांगितलं. ते आता इथे लिहितो.

१९७८ साल असेल. सातवीचा वर्ग. गोदावरी खोऱ्याचा नकाशा काढून आणायला सांगितला होता. नाथसागर तेव्हा नवा नवा, मुलांनी निळ्या खडूनं झोकात रंगवून आणला. तिसऱ्या बाकावर एक नवा मुलगा होता, फारसा न बोलणारा. त्यानं तळं काढलं होतं आणि त्या निळ्या रंगाच्या मधोमध एक काळा ठिपका देऊन एका गावाचं नाव लिहिलं होतं. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "गाव आहे, सर." मी म्हटलं, पाण्यात गाव असतं का? वर्ग हसला. तो पुन्हा म्हणाला, "आहे, सर." मला ती उर्मटगिरी वाटली. दोन छड्या दिल्या, डाव्या हातावर. दुसरी देताना त्याची चड्डी ओली झाली. वर्ग पुन्हा हसला, आणि मी थांबवलं नाही.

ते गाव त्याचं होतं. धरणात गेलेलं. ही गोष्ट मला वर्ष संपताना शिपायाकडून कळली. तोवर त्यानं शाळा सोडली होती.

लेक बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही मलाही मारलं होतंत, तेराच्या पाढ्यावरून. पण मी तुमची मुलगी होते." एवढंच. जावईबापूंनी डब्यातल्या चकल्या पुढे केल्या.

परत आल्यावर मी पैठणला गेलो. तसा दर वर्षी जातोच, नाथांच्या समाधीला. पण त्या वेळी धरणाच्या भिंतीवर जाऊन उभा राहिलो. भिंत दहा किलोमीटर लांब, सत्तावीस दरवाजे. पाणी फार खाली गेलेल्या वर्षी, जसं २०१३ आणि २०१६ च्या उन्हाळ्यात गेलं होतं, आतल्या बुडालेल्या गावांच्या खुणा वर येतात आणि जुनी माणसं आपापली जागा शोधायला जातात, असं ऐकलं होतं. पलीकडे पाण्यावर पक्षी होते, ऊन होतं. आपल्या शहराला येतं ते पिण्याचं पाणी याच तळ्यातलं. आमच्या गल्लीत ते काही दिवसांआड येतं आणि आम्ही त्यावरून रोज कुरकुर करतो. मीसुद्धा.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मुलाचंही नाही. त्या तुकडीतले तीन-चार जण हे वाचतात, त्यांना ओळख पटेल. तो आता साठीच्या आसपास असेल. कुणाला त्याचा ठावठिकाणा माहीत असेल तर मला फोन करा. त्याला सांगायचंय की नकाशा बरोबर होता.