संत जान्ना बेरेत्ता मोल्ला : वैद्य, पत्नी व माता

महोत्सवाच्या प्रसंगी देऊळ कोणी बांधिले, घंटा कोणी अर्पण केली, पहिली मिस्सा कोणी केली, ह्यांचा वृत्तांत आपण आवर्जून लिहून ठेवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु धर्मग्राम ज्या घरांच्या आधारावर उभा असतो, त्या घरांचा इतिहास प्रायः अलिखितच राहतो. कारण रोग्याची शुश्रूषा, लेकरांचे संगोपन व सायंकाळची रुझारी ह्यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ख्रिस्तसभेने मात्र अशाच एका घरातील डॉक्टर स्त्रीला संतपदाचा मान दिला आहे. तिचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे सादर करितो.

उत्तर इटलीत मिलान शहराच्या पश्चिमेस माजेंता हे गाव आहे. तेथे ४ ऑक्टोबर १९२२ रोजी, संत फ्रान्सिसच्या सणाच्या दिवशी, जान्ना बेरेत्ता ह्यांचा जन्म झाला. तेरा भावंडांत त्या दहाव्या. आईबाप दोघेही संत फ्रान्सिसच्या तृतीय संघाचे सभासद असून मोठे भाविक होते. ह्या घरातून दोन पुत्र धर्मगुरू झाले. त्यांपैकी एक वैद्यकी शिकलेले कापुचिन असून ब्राझील देशातील ग्राजाऊ येथे मिशनकार्यास गेले. एक भगिनीही डॉक्टर होऊन कनोशियन संघात शिरली व सेवेसाठी आपल्या हिंदुस्थानात आली. १९४२ साली आई व वडील दोघेही काही महिन्यांच्या अंतराने निवर्तले. तरीही जान्ना ह्यांनी धीर सोडला नाही. वैद्यकीचा अभ्यास करीत असतानाच त्या कॅथलिक अ‍ॅक्शनमध्ये मुलींना मार्गदर्शन करीत, तसेच संत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेमार्फत गरिबांच्या व वृद्धांच्या घरी जात.

१९४९ साली पाविया येथे त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली, १९५० साली जवळच्या मेझेरो गावी दवाखाना उघडिला, आणि १९५२ साली मिलान येथे बालरोगांचा विशेष अभ्यास पुरा केला. माता, तान्ही बाळे, वृद्ध व निर्धन हे त्यांचे मुख्य रोगी. धर्मगुरू जसा ख्रिस्ताला स्पर्श करितो, तसा वैद्य रोग्यांच्या देहात ख्रिस्ताला स्पर्श करितो, अशा आशयाचे विचार त्यांनी लिहून ठेविले आहेत. भावाच्या मदतीस ब्राझीलला जावे अशी त्यांना फार तळमळ होती. परंतु प्रकृती तितकी खंबीर नसल्यामुळे तो बेत सोडावा लागला.

प्रार्थनेअंती विवाह हेच आपले पाचारण होय, असे त्यांनी ओळखिले. २४ सप्टेंबर १९५५ रोजी माजेंता येथील देवळात पिएत्रो मोल्ला ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पिएत्रो हे इंजिनियर असून पोंते नुओवो येथील काड्यापेट्यांच्या कारखान्यात अधिकारी होते. पुढे चार वर्षांच्या आत तीन अपत्ये झाली. तरी दवाखाना चालूच होता. शिवाय १९५६ पासून पोंते नुओवो येथील शिशुगृहाचा भारही त्यांनी वाहिला. धर्मशील म्हणून त्या उदास मुद्रेच्या होत्या, असे मात्र कोणी समजू नये. डोंगरावर चढणे, बर्फावरून घसरण्याचा खेळ, पियानो, चित्रकला, ह्या सर्वांची त्यांना आवड होती.

१९६१ च्या सप्टेंबरात, गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यात, त्यांच्या गर्भाशयास गाठ असल्याचे आढळले. गर्भाशयच काढून टाकावे, तर आईचा जीव सुरक्षित होता, पण बाळ दगावले असते. तरीही हा उपचार रोगावरचा असल्यामुळे ख्रिस्तसभेची शिकवण त्याच्या आड येत नव्हती. गर्भपात हा दुसरा मार्ग. तिसरा, म्हणजे केवळ गाठ काढून गर्भ राखणे, हा आईस सर्वांत धोक्याचा. स्वतः डॉक्टर असल्याने हा धोका त्या पुरता जाणून होत्या, आणि तरीही त्यांनी हाच मार्ग पत्करिला. ६ सप्टेंबर रोजी मोंझा येथे शस्त्रक्रिया झाली व गर्भ वाचला. प्रसूती जवळ आली तेव्हा, दोघांपैकी एकालाच वाचविण्याची वेळ आली तर बाळाला वाचवा, असे त्यांनी पतीस निक्षून सांगितले.

२१ एप्रिल १९६२ रोजी, पवित्र शनिवारी, शस्त्रक्रियेने कन्या जन्मली. मागाहून आईच्या पोटात विषारी दाह पसरला, आणि २८ एप्रिल रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांनी आपल्या घरी देह ठेविला.

डॉ. जान्ना ह्यांनी मरण निवडिले, असे पुष्कळदा म्हटले जाते. आम्हांस ते यथार्थ वाटत नाही. त्यांनी बाळाचे जीवन निवडिले. स्वतः जगण्याची आशा त्यांनी टाकिली नव्हती. त्या दिवसांतही त्यांनी नव्या पोशाखांचे नमुने असलेली मासिके पतीकडून मागवून घेतली होती. मग घरातील तीन लेकरांचे काय, असा प्रश्न कोणीही आई विचारील, आणि तो रास्त आहे. थोरला पुत्र पाच वर्षांचा, धाकटी कन्या तिसऱ्या वर्षात. पुढे १९६४ साली मधली कन्याही सहा वर्षांची असताना मरण पावली. ह्या घराने दिलेले मोल थोडे नव्हते. ते पिएत्रो ह्यांनी मुकाट्याने, श्रद्धेने व कष्टाने पुढे कित्येक वर्षे दिले.

पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी २४ एप्रिल १९९४ रोजी जान्ना ह्यांना धन्यवादित व १६ मे २००४ रोजी संत म्हणून घोषित केले. त्या दुसऱ्या दिवशी एक्क्याण्णव वर्षांचे पिएत्रो रोम येथे हजर होते. २०१० साली ते वारले. धन्यवादित पदासाठी मान्य झालेला चमत्कार १९७७ साली ग्राजाऊ येथेच एका मातेच्या बाबतीत घडला. जेथे त्यांना जाता आले नाही, तेथे त्यांची मध्यस्थी पोहोचली! आणि जिच्यासाठी त्यांनी प्राण पणास लाविला, ती कन्याही पुढे डॉक्टर झाली.

वाचकहो, असा निर्णय एका दिवसात होत नसतो. परक्यांच्या लेकरांना बारा वर्षे जपणाऱ्या हातांनाच आपले लेकरू असे जपणे साधले. आपल्या धर्मग्रामातही रात्री-अपरात्री रोग्याच्या उशाशी बसून पहाटे मुलांच्या न्याहारीसाठी घरी परतणाऱ्या परिचारिका व दाया झाल्या आहेत आणि आजही आहेत. २८ एप्रिल हा संत जान्ना ह्यांचा स्मरणदिन. त्या दिवशी मिस्सेत त्यांची नावे घ्यावी, आणि त्यांपैकी कोणी थकली असेल तर तिच्या घरी जाऊन विचारपूस करावी, एवढीच आमची विनंती आहे.