अश्वहृदय आणि अक्षहृदय

नलदमयंतीची कथा रघुनाथपंडितामुळें आपल्याकडे घरोघरीं पोंचली आहे. परंतु महाभारतांतील मूळ कथेच्या एका प्रसंगाकडे वाचकांचें लक्ष क्वचितच जातें. दमयंतीचें दुसरें स्वयंवर उद्यांच आहे अशी वार्ता ऐकून अयोध्येचा राजा ऋतुपर्ण विदर्भास जावयास निघतो. शंभर योजनें एका दिवसांत तोडावयाचीं असतात. बाहुक या नांवानें त्याच्या पदरीं राहिलेला नल पागेंत जातो व आपल्या मतें योग्य ते घोडे निवडून आणतो. ते दिसावयास इतके कृश असतात, कीं हे आपणांस कसले पोंचवितात, असें राजास वाटतें. नल त्यांच्या अंगावरील शुभ भोंवरे व सिंधुदेशींचें कूळ यांवर भरंवसा ठेवून त्यांनाच रथास जोडतो, आणि ते घोडे वाऱ्यासारखे धांवतात. पुढें वाटेंत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या पानांची व फळांची संख्या उभ्या उभ्या सांगतो. नलाचा विश्वास बसत नाहीं. तो रथ थांबवून झाड पाडतो, मोजून पाहतो, आणि संख्या बरोबर ठरते. प्राचीन काळीं फांसे म्हणून बेहड्याचींच फळें वापरीत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या मोजणीचा अर्थ उलगडतो. मग दोघांची देवघेव ठरते: ऋतुपर्णानें अक्षहृदय, म्हणजे फांशांची व गणनेची विद्या द्यावी, आणि नलानें अश्वहृदय, म्हणजे घोडा ओळखण्याची विद्या द्यावी.

शर्यतीच्या दिवशीं सकाळीं जो गृहस्थ वर्तमानपत्र उघडून दुपारच्या सात-आठ शर्यतींत कोणता घोडा पहिला येईल याचें भाकित वाचतो, त्याला या दोन्ही विद्या एकाच वेळीं हव्या असतात. घोडा कसा आहे हें एक ज्ञान; आणि त्याच्या जिंकण्याचा संभव किती, व त्या संभवाला भाव काय मिळतो, हें दुसरें. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून या सर्व व्यवहाराला ‘रेसचा नाद’ एवढ्या दोन शब्दांत निकालांत काढण्याची रीत आहे. ती रीत चुकीची आहे असें मला म्हणावयाचें नाहीं. परंतु त्या भाकितांत खरें ज्ञान किती असतें आणि तें नेमकें कोठें अपुरें पडतें, हें समजल्यावांचून केलेला निषेध दुबळा राहतो. तें समजावयास या भाकिताचा इतिहास पाहिला पाहिजे, आणि तो बहुतांशीं इंग्लंडांत घडला आहे.

इ. स. १७६९ च्या मे महिन्यांत एप्सम येथें एक्लिप्स नांवाचा पांच वर्षांचा घोडा प्रथमच शर्यतींत उतरला. त्या काळीं तेच घोडे एकाच दिवशीं चार चार मैलांच्या फेऱ्या पुनःपुन्हां धांवत, व त्यांवरून जय ठरे. पहिली फेरी एक्लिप्सनें सहज जिंकली. तेव्हां डेनिस ओकेली या आयरिश गृहस्थानें पुढील फेरींत सर्व घोडे कोणत्या क्रमानें येतील तें सांगण्याची पैज मारली, आणि ‘एक्लिप्स पहिला, बाकीचे कोठेंच नाहींत’ अशा आशयाचें उत्तर दिलें, अशी प्रसिद्ध कथा आहे. हें उत्तर नुसतें चातुर्याचें नव्हतें. विजयी घोड्याच्या मागें २४० यार्डांहून अधिक राहिलेल्या घोड्यास त्या काळच्या नियमांप्रमाणें क्रमांकच मिळत नसे. एक्लिप्स तेवढ्या अंतरानें जिंकला व ओकेलीची पैज खरी झाली. पुढें ओकेलीनें तो घोडाच विकत घेतला; तो जन्मांत एकदांहि हरला नाहीं. हें भाकित नलाच्या जातीचें होतें. ओकेलीनें घोड्याला धांवतांना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें होतें, आणि डोळ्यांनीं पाहिलेल्यावरच त्यानें पैसा लावला.

पण सर्वांना सर्व घोडे पाहतां येत नाहींत. म्हणून पाहिलेलें लिहून ठेवण्याची गरज उत्पन्न झाली. जॉन चेनी यानें १७२७ सालापासूनच देशांतील शर्यतींच्या निकालांचें वार्षिक पुस्तक काढावयास आरंभ केला होता. १७७३ त जेम्स वेदरबी यानें ‘रेसिंग कॅलेंडर’ हातीं घेतलें. आणि १७९१ त त्याच घराण्यांतून घोड्यांच्या वंशावळीचा ‘जनरल स्टड बुक’ हा ग्रंथ निघाला. आजचा शर्यतीचा प्रत्येक अस्सल घोडा पितृकुलानें बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या पूर्वेकडून आणलेल्या तीन घोड्यांपैकीं एकापर्यंत जाऊन भिडतो, हें आपण सांगूं शकतों तें या नोंदींच्या बळावर. याच सुमारास शर्यतींचें स्वरूपहि बदललें. प्रौढ घोड्यांच्या लांब फेऱ्या मागें पडल्या आणि तीन वर्षांच्या कोवळ्या घोड्यांची एकच वेगवान धांव पुढें आली: १७७६ त सेंट लेजर, १७७९ त ओक्स, व १७८० त डर्बी. घोडा कोवळा, त्याची पूर्वपीठिका थोडी. अशा वेळीं आईबापांचें कूळ व एकदोन शर्यतींचा दाखला एवढ्यावरच अनुमान बांधावयाचें. लंडनच्या कॉफीगृहांत बसलेला मनुष्य न पाहिलेल्या घोड्याबद्दल वाद घालूं लागला. अश्वविद्या कागदावर उतरली.

कागदावर उतरलेली विद्या कागदाच्या खरेपणावर अवलंबून असते. घोड्यांच्या सकाळच्या धांवा झुडुपांत लपून पाहणारे हेर न्यूमार्केटच्या माळावर कायमचे होऊन बसले. त्याहून पुढची पायरी म्हणजे डॅनियल डॉसन. त्यानें घोड्यांच्या पाण्याच्या हौदांत सोमल मिसळला, व १८१२ सालीं तो केंब्रिज येथें फांसावर गेला. परंतु भाकिताच्या मुळावर खरा घाव बसला तो १८४४ च्या डर्बीच्या दिवशीं.

त्या दिवसापूर्वीं जाणत्यांचीं अनुमानें ठरलेलीं होतीं. ‘अग्ली बक’ व ‘रॅटन’ या दोन घोड्यांवर लोकांचा सर्वांत अधिक विश्वास होता. ‘रनिंग रेन’ नांवाचा आणखी एक घोडा होता; त्याच्याविषयीं मात्र कुजबूज चालू होती. डर्बी ही तीन वर्षांच्या घोड्यांची शर्यत. रनिंग रेन हा तीन वर्षांचा नसून चार वर्षांचा आहे, असा संशय होता. मागील वर्षीं न्यूमार्केटला त्यानें दोन वर्षांच्या घोड्यांची शर्यत जिंकली तेव्हांहि हरकत घेण्यांत आली होती, परंतु ती टिकली नाहीं. या वयांत एका वर्षाचें अंतर म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या कुस्तींत अठरा वर्षांचा पोर उतरविण्यासारखें आहे. डर्बीच्या आधीं लॉर्ड जॉर्ज बेंटिंक प्रभृतींनीं पंचांकडे अर्ज केला. पंचांनीं घोड्याला धांवूं दिलें, आणि तो जिंकल्यास पुढें चौकशी करूं, असें ठरविलें. रनिंग रेन जिंकला. कर्नल पील यांचा ‘ऑर्लंडो’ दुसरा आला. रॅटनवर विषप्रयोग झाला असावा असा बोभाटा झाला. ‘लिअँडर’ नांवाच्या घोड्याचा धांवतांना पाय मोडला व त्याला मारावें लागलें. मागून त्याचा जबडा तपासला, तेव्हां तोहि चार वर्षांचाच निघाला!

प्रकरण न्यायालयांत गेलें. घोड्याचें वय त्याच्या दांतांवरून कळतें, हें कोणताहि सईस सांगेल. न्यायमूर्ति अल्डरसन यांनीं तेंच धोरण धरलें: साक्षीपुरावा पुरे, घोडा हजर करा. पण घोडा नाहींसा झाला होता. घोड्याचा मालक म्हणून उभा असलेल्या वुड नांवाच्या धान्यव्यापाऱ्यानें दावा सोडला, आणि डर्बी ऑर्लंडोला मिळाली. ज्याला लोक रनिंग रेन म्हणत होते तो वस्तुतः ‘मॅकाबिअस’ नांवाचा चार वर्षांचा घोडा होता, व हा सर्व बनाव गुडमन लेव्ही या जुगाऱ्याचा होता.

या दिवसापूर्वीं ज्यांनीं वंशावळी चाळल्या, निकाल ताडून पाहिले व प्रामाणिकपणें अनुमान बांधलें, त्यांचें अनुमान तर्कदृष्ट्या निर्दोष असूं शकत होतें. चूक तर्कांत नव्हती, आधारभूत नोंदींत होती. इतिहासाच्या अभ्यासकाला हें दुःख ओळखीचें आहे. बनावट कागदावर रचलेला उत्तम युक्तिवाद हा वाईट युक्तिवादाहूनहि अधिक फसवितो, कारण त्याच्या सौष्ठवामुळें कागद तपासावयाचें आपणांस सुचत नाहीं. अल्डरसन यांची थोरवी अशी, कीं त्यांनीं कागद बाजूला सारून घोड्याचें तोंड उघडण्याची मागणी केली. नलानें झाड पाडून पानें मोजलीं, तसेंच हें.

यानंतर नोंदी शुद्ध होत गेल्या, आणि त्याबरोबर एक विलक्षण गोष्ट घडली. नौदलांतील अॅडमिरल रूस हे १८५५ सालीं शर्यतींचे सार्वजनिक हँडिकॅपर झाले. कोणत्या वयाच्या घोड्यानें कोणत्या महिन्यांत किती अंतराला किती वजन वाहावें याचें कोष्टक त्यांनीं बसविलें. आजचीं कोष्टकें त्याचींच सुधारलेलीं रूपें होत. हँडिकॅपरचें काम म्हणजे बलवान घोड्यावर अधिक वजन व दुर्बलावर कमी वजन घालून सर्वांस एका पातळीवर आणणें. त्याचें काम पूर्ण साधलें, तर सर्व घोडे एकाच क्षणीं खांबाशीं यावयास हवेत. म्हणजे एकच नोंदवही दोघे वाचतात: भाकित करणारा, कोणता घोडा जिंकेल हें शोधावयास, आणि हँडिकॅपर, कोणत्याहि घोड्याचा जय निश्चित राहूं नये म्हणून. नोंदी जितक्या चांगल्या, तितकें दोघांचेंहि काम चांगलें. आणि हँडिकॅपरचें काम चांगलें झालें, कीं भाकित अधिक कठीण!

यावर आणखी एक तिसरा वाचक आहे, तो म्हणजे जमाव. पॅरिसच्या ऑलर यानें १८६० नंतरच्या दशकांत जी पद्धति काढली, तिचेंच रूप आजचें टोट. लावलेला सारा पैसा एका ठिकाणीं जमा व्हावयाचा, त्यांतून चालकांचा व सरकारचा वांटा प्रथम कापावयाचा, व उरलेला जिंकणाऱ्यांत वांटावयाचा. समजा, शंभर रुपये जमले व वीस कापले, तर परत येणार ते ऐंशीच. एखादा जिंकेल, पण सर्व मिळून नेहमीं हरणारच. शिवाय जो घोडा सर्वांना चांगला दिसतो त्याच्यावर सर्वांचा पैसा पडतो, आणि त्याचा भाव उतरतो. ठोकळ मानानें पाहिलें तर तीन शर्यतींपैकीं एक फेव्हरिट जिंकतो. यावरून जमावाला घोड्यांतलें कांहीं कळत नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. परंतु जें सर्वांना कळतें त्याचा मोबदला भावांतूनच वजा झालेला असतो. १९४९ सालीं ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें शर्यतींचे भाव व निकाल ताडून असें दाखविलें, कीं दूरच्या घोड्यांवर लोक वाजवीपेक्षां अधिक पैसा लावतात, व जवळच्यांवर कमी. थोडक्यांत पुष्कळ मिळविण्याची आशा गणिताला अशी खेंचून नेते.

याला अपवाद आहेत. इंग्लंडांतील फिल बुल हा गणिताचा पदवीधर व शिक्षक; घोड्यांच्या धांवण्याच्या वेळांचें गणित मांडून त्यानें पैजेंत खरोखरच द्रव्य मिळविलें, व १९४८ सालीं ‘टाइमफॉर्म’ ही संस्था काढली. पण त्यासाठीं त्यानें शाळा सोडली व सारें आयुष्य त्यांत घातलें. रविवारच्या सकाळीं अर्धा तास वर्तमानपत्र चाळणाऱ्याची त्याच्याशीं बरोबरी नाहीं.

आपल्याकडे मुंबईंत भायखळ्याच्या मैदानावर शर्यती होत. १८८३ च्या सुमारास त्या महालक्ष्मीस आल्या. पहिली इंडियन डर्बी १९४३ त झाली व ती ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीनें जिंकली. हिवाळ्यांत मुंबई व पावसाळ्यांत पुणें हा क्रम असल्यामुळें पुण्याच्या भाकितांत एका गोष्टीला विशेष महत्त्व येतें, ती म्हणजे भिजलेली जमीन. कोरड्या हिरवळीवर वाऱ्यासारखा धांवणारा घोडा चिखलांत ढेपाळतो, आणि एरव्हीं मागें राहणारा दणकट घोडा पुढें सरतो. म्हणून जाणता भाकितकार वंश, वजन, अंतर, जॉकी व सकाळची धांव हें सर्व पाहून झाल्यावर शेवटीं आभाळाकडे पाहतो.

मद्रास रेस क्लबच्या प्रकरणांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं असा निर्णय दिला, कीं घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, दैवाचा नव्हे. वर सांगितलेला इतिहास पाहतां तो निर्णय मला यथार्थ वाटतो. पण कौशल्य आहे एवढ्यानें लाभ होतो, असें न्यायालयानें म्हटलेलें नाहीं. हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि त्यांची गल्लत हीच या नादाची खरी जननी. मूर्ख मनुष्य दोनदां हरून घरीं बसतो. ज्याचें अनुमान वारंवार खरें ठरतें, तोच पुनःपुन्हां जातो.

हें मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. माझे एक मामा पुण्यास कचेरींत कारकून होते. शर्यतीच्या आदल्या रात्रीं जेवणें आटोपलीं, कीं ते दिव्याखालीं वही घेऊन बसत. त्यांचें अक्षर सुंदर होतें. त्यांच्या मागें ती वही माझ्याकडे आली. प्रत्येक घोड्याचें कूळ, वजन, मागील धांवा, जमिनीचा ओलावा आणि त्यावरून काढलेलें अनुमान, सर्व कारणांसह लिहिलेलें. पुढें लाल शाईनें निकाल. एका मोसमाचीं पानें मी मोजून पाहिलीं. तिसरा हिस्सा अनुमानें अगदीं बरोबर होतीं, आणि उरलेल्यांतलींहि बरीचशीं थोडक्यांत हुकलेलीं. इतक्या काळजीनें लिहिलेला प्रबंध मला विद्यार्थ्यांकडून क्वचितच मिळतो. मामींच्या पाटल्या त्याच मोसमांत गेल्या, हें मला घरांतल्या बोलण्यावरून ठाऊक होतें. म्हणून मी ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुन्हां चाळली. किती लावले आणि किती आले, हा रकाना तींत कोठेंच नव्हता.