अंगुलिमुद्रांची मंजुरी, सन १८९७

जुन्या मराठी दस्तऐवजांच्या अखेरीस निरक्षर कुणब्याच्या नांवापुढें नांगराची निशाणी आढळते, हें संग्राहकांस सांगावयास नको. त्या निशाणीवरून धंदा कळे. माणूस ओळखतां येत नसे. सन १८५८ मध्यें बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल यानें रस्त्याच्या खडीच्या करारावर राज्यधर कोनाई याच्या पंजाचा ठसा घेतला, तेव्हां निशाणीची जागा खुद्द हातानें घेतली.

परंतु अशा ठशांवर पोलीसखातें चालवावयाचें तर सरकारची मंजुरी व पैसा लागतो. १८९१ सालीं बंगालचा इन्स्पेक्टर जनरल झालेल्या एडवर्ड हेन्रीनें प्रथम बर्टिलाँच्या पद्धतीनें गुन्हेगारांचीं शरीरमापें घेणें सुरू केलें. त्याचीं उपकरणें महाग, मापक शिकविलेला हवा, आणि दोघांचीं मापें जुळतीलच असें नाहीं. ठशास मात्र पत्रा, शाई व कागद पुरे. १८९७ सालीं स्ट्रॅहन व पेडलर यांच्या समितीनें ठशांच्या बाजूनें पांच कारणें दिलीं: कामाचा सोपेपणा, उपकरणांचा अल्प खर्च, कुशल काम मध्यवर्ती कचेरीकडे जाणें, त्वरा व निश्चिति. १२ जून १८९७ रोजीं हिंदुस्थान सरकारची मंजुरी मिळाली.

यांतील तिसरें कारण आमच्या मतें सर्वांत विचारणीय होय. ठाण्यानें केवळ शाई लावावयाची, कसब कलकत्त्यास. तेथें हजारों ठशांतून एक हुडकण्यासाठीं १०२४ खान्यांची वर्गवारी सिद्ध झाली, तींत गणित शिकलेले फौजदार अझिझुल हक व त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांचा वांटा मोठा होता. १९०१ सालीं ती लंडनास गेली ती ‘हेन्रीपद्धति’ या नांवानें. हकांचें साह्य हेन्रीनें पुढें कबूल केलें. पद्धतीचें नांव मात्र बदललें नाहीं.

१९६९-७० पासून पोलीसदलांच्या आधुनिकीकरणासाठीं केंद्र सरकार राज्यांस अनुदान देऊं लागलें. २००९ सालीं ठाणीं संगणकांनीं जोडण्याच्या योजनेस २००० कोटि रुपये मंजूर झाले. अशा मंजुरीपत्रांत यंत्राची किंमत सांपडते. तें चालविणाराचें नांव सहसा सांपडत नाहीं. मंजुरीपत्रें सरकारी दप्तरांत टिकतात, ठाण्याच्या नोंदवह्या रद्दींत जातात. संग्राहकांनीं त्या वेळींच हस्तगत कराव्या. पुढील हकांचा पुरावा त्यांतच असण्याचा संभव आहे.