गप्प बसण्याचा खेळ

चौतीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. त्यातला किती पोरांच्या डोक्यात राहिला, देव जाणे. पण माझे एक वाक्य मात्र माझे जुने विद्यार्थी अजून विसरलेले नाहीत. रस्त्यात भेटतात, वाकून नमस्कार करतात आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोला सांगतात, "हेच ते आमचे 'गप्प बसा' सर!" पाठ्यपुस्तके बदलली, तुकड्या बदलल्या, शिवजन्माच्या तारखेचा वादसुद्धा सरकारने मिटवून टाकला, पण माझे 'गप्प बसा' निवृत्तीच्या दिवसापर्यंत टिकले.

अशा माणसाला म्हातारपणी गोल्फचा खेळ आवडू लागला, यात नवल ते काय? तसे मला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. लहानपणी अंगणात टाचेने गल करून आम्ही गोट्या खेळायचो. साहेबाने तोच खेळ शंभर एकरांत नेला आणि एकाच्या अठरा गली केल्या, एवढेच माझे ज्ञान. पण टीव्हीवर पाहताना मला एक गोष्ट फार भावली. खेळाडू टोला मारायला उभा राहिला की हजारो माणसे श्वास रोखून उभी राहतात. एक गृहस्थ 'शांत राहा' अशी पाटी वर धरतो आणि ती माणसे खरोखरच शांत राहतात! समालोचकसुद्धा आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखा कुजबुजतो. मला वाटे, असा एक वर्ग आयुष्यात मिळाला असता तर अजून दहा वर्षे आनंदाने नोकरी केली असती.

आमची मुलगी आणि जावई अमेरिकेत अॅरिझोना राज्यात चँडलर गावी असतात. 2023 च्या फेब्रुवारीत आम्ही दोघे तिथे होतो. एक दिवस जावई म्हणाले, "बाबा, शुक्रवारी गोल्फ बघायला येणार का? ऑफिसातून दोन पास मिळालेत."

मी लगेच पँटला इस्त्री केली. हिला विचारले, तर ही म्हणाली, "तुम्हीच जा. जिथं तोंड उघडायचं नाही तिथं मी येऊन काय करू?"

जवळच स्कॉट्सडेल गावी ही 'फीनिक्स ओपन' नावाची स्पर्धा भरते. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते आणि जत्रा भरली होती. हो, जत्राच! दुसरा शब्द नाही. कोणी केळ्याचा वेष घालून आलेला, कोणी अंगभर पट्टे रंगवून आलेला आणि ज्याच्या हातात बिअरचा पेला नाही असा सबंध मैदानात मी एकटा. त्या मैदानातली सोळावी गल प्रसिद्ध आहे. टोला मारायच्या जागेपासून झेंड्यापर्यंत अंतर जेमतेम 160 यार्ड. पण भोवताली सर्कशीच्या तंबूसारख्या उंच गॅलऱ्या आणि त्यांत सुमारे वीस हजार माणसे. हा सगळा डोलारा एका आठवड्यासाठी दरवर्षी उभा करतात आणि दरवर्षी उतरवतात. गणपतीच्या मांडवासारखे. पहाटे फाटक उघडले की तरुण मंडळी जागा धरायला अक्षरशः धावत सुटतात. चेंडू हिरवळीवर पडला तर आरडाओरडा, नाही पडला तर वीस हजार कंठांतून हुर्यो! 'शांत राहा'वाला तिथेही होता. पण भाजीमंडईत 'उधार बंद' अशी पाटी लावावी, तितकीच त्याच्या पाटीला किंमत.

तिथे मी स्वतः काय केले, ते शेवटी सांगतो. घरी आल्यावर मात्र माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. म्हटले, हा सभ्य माणसांचा शांत खेळ, त्यात ही हुल्लड शिरली केव्हा? आणि शोधता शोधता माझीच विकेट पडली. हुल्लड शिरलेली नाही. ती मुळातच होती. शांतताच मागाहून आलेली आहे.

स्कॉटलंडच्या पार्लमेंटने 1457 साली या खेळावर बंदी घातली. माणसे धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसतात, अशी राजाची तक्रार होती. त्या कायद्यात गोल्फ आणि फुटबॉल हे दोघे एकाच ओळीत, बाकावरून एकदम उठवलेल्या दोन वांड पोरांसारखे उभे आहेत.

पुढे 1860 साली प्रेस्टविक गावी पहिली 'ओपन' स्पर्धा झाली. खेळाडू आठ, एका दिवसात खेळ खलास. पण त्या काळी लोकांचा जीव स्पर्धेत नसे, तो पैजेत असे. दोन नामांकित खेळाडूंची झुंज लावायची आणि दोन्ही गावांनी आपापल्या पठ्ठ्यावर पैसे लावायचे. 1870 साली मसलबरा गावात विली पार्क आणि टॉम मॉरिस यांचा असा सामना झाला. पार्क तिथलाच. गाववाल्यांनी पाहुण्याच्या चेंडूशी इतकी लुडबुड केली की पंचांनी खेळ थांबवला आणि मॉरिससाहेब शेजारच्या गुत्त्यात जाऊन बसले. पार्कने निरोप धाडला, बाहेर या, नाहीतर उरलेल्या गली मी एकटा खेळतो. मॉरिस आले नाहीत. पार्क एकटाच खेळला, एकटाच जिंकला आणि पैजेच्या रकमेवर हक्कही सांगून मोकळा झाला. आमच्या गल्लीतल्या गोट्यांत याहून वेगळे काही होत नसे.

पण हे झाले वैर. गर्दीचे प्रेम किती महाग पडते, ते 1925 साली त्याच प्रेस्टविकला दिसले. मॅकडोनाल्ड स्मिथ हा मूळचा स्कॉटलंडचा, पोटासाठी अमेरिकेला गेलेला. शेवटच्या फेरीला तो पाच टोल्यांनी पुढे होता. 78 टोल्यांत फेरी संपवली असती तरी करंडक त्याचा. आपला माणूस जिंकणार म्हणून हजारो स्कॉटिश लोक मैदानात लोटले. तिकीट नव्हते आणि दोरखंडांचा बंदोबस्तही नव्हता. प्रत्येक टोल्याला त्याला गर्दी बाजूला होण्याची वाट बघावी लागली, चेंडू पुढे कुठे पडला तेही दिसेना. बिचाऱ्याला 82 टोले लागले. करंडक जिम बार्न्सने नेला. त्या हजारोंमध्ये स्मिथचे वाईट चिंतणारा कोणी असेल असे मला वाटत नाही. सगळ्यांनी मिळून प्रेमानेच त्याचा गळा आवळला. प्रेस्टविकला ती स्पर्धा पुन्हा म्हणून झाली नाही.

पुढल्याच वर्षी, 1926 साली, गर्दीला आळा म्हणून 'ओपन'ला तिकीट लावले. आणि गंमत अशी सांगतात, की पहिला मोठा मासा त्या जाळ्यात सापडला तो बॉबी जोन्स. तो आपला खेळाडूचा बिल्ला हॉटेलात विसरला. फाटकावरचा गडी कर्तव्यदक्ष, ऐकेना. जोन्सने निमूटपणे तिकीट काढले, आत गेला आणि स्पर्धा जिंकला. आपल्याकडे त्याने आधी "तू मला ओळखत नाहीस?" असे विचारले असते.

या जोन्सनेच पुढे अमेरिकेत ऑगस्टा येथे मैदान उभारले आणि 1934 पासून तिथे 'मास्टर्स' स्पर्धा सुरू झाली. टीव्हीवर मला भुरळ घालणारी शांतता ती इथली. इथे प्रेक्षकांनी धावायचे नाही, आत मोबाइल न्यायचा नाही. दुसऱ्याच्या चुकीवर टाळ्या पिटणे शोभत नाही, असे जोन्सने प्रेक्षकांसाठी लिहून ठेवले आहे. 1966 साली टीव्हीवरच्या जॅक व्हिटेकर या समालोचकाच्या तोंडून तिथल्या प्रेक्षकांबद्दल 'मॉब' असा शब्द गेला, तर त्याला पुढे काही वर्षे त्या स्पर्धेच्या समालोचनाला येऊच दिले नाही. मी शाळेत फार तर अंगठे धरायला लावत असे.

पण अमेरिका म्हणजे एकटे ऑगस्टा नव्हे. 1962 साली ओकमाँटला अर्नोल्ड पामर आणि जॅक निक्लॉस यांची गाठ पडली. पामर जवळच्याच गावचा, लोकांच्या गळ्यातला ताईत. निक्लॉस 22 वर्षांचा, अंगाने जाडा. लोकांनी त्याच्या जाडेपणावरून टोमणे मारले, तो टोला मारायला वाकला की पाय आपटले. तो वर न पाहता खेळला आणि जिंकला. पुढे सबंध जगाने त्याला डोक्यावर घेतले, पण त्या चार-पाच दिवसांत त्याच्या मनाचे काय झाले असेल, ते विचारायला त्या गर्दीतला एकही माणूस गेला नसेल.

आता आमचे फीनिक्स. स्पर्धा जुनी, 1932 सालची. गावातल्या उत्साही मंडळींनी 'थंडरबर्ड्स' नावाचा क्लब काढून ती वाढवली आणि नफ्यातून दानधर्मही बराच करतात. 1987 साली ती स्कॉट्सडेलच्या मैदानावर आली. जवळच विद्यापीठ, पोरे सोळाव्या गलीपाशी जमू लागली. 1997 साली 21 वर्षांच्या टायगर वुड्सने तिथे एका टोल्यात चेंडू गलीत घातला आणि बिअरच्या पेल्यांचा पाऊस पडला. त्या दिवसापासून ती गल तीर्थक्षेत्र झाली. 2018 साली आठवडाभरात 7,19,179 माणसे आली. त्यांतली 2,16,818 एका शनिवारी! 2022 साली सॅम रायडरने तीच करामत केली, तेव्हा डबे आणि पेले इतके बरसले की मैदान झाडेपर्यंत खेळ थांबवावा लागला. स्पर्धेची पुरस्कर्ती कंपनी कचरा उचलणारी आहे, हा योगायोग केवढा दूरदर्शी!

मला सगळ्यात आवडली ती 1999 ची हकिगत. तेराव्या गलीला टायगरचा चेंडू एका अजस्र धोंड्यामागे जाऊन बसला. नियम असा की जमिनीत रुतलेला नसेल तो दगड बाजूला सारता येतो. तो किती मोठा असावा, हे नियम करणाऱ्याने लिहिले नव्हते. त्याच्या डोळ्यांपुढे खडे असणार. पंच म्हणाले, हलत असेल तर हलवा. झाले! प्रेक्षकांतले डझनभर गडी पुढे झाले, 'हेइसा' केले आणि धोंडा बाजूला. आणि त्याच वर्षी, त्याच स्पर्धेत, त्याच टायगरच्या मागे लागून त्याला छळणाऱ्या एका इसमाला धरले, तर त्याच्याकडे पिस्तूल निघाले. दगड उचलणारे आणि हा इसम, दोघे एकाच फाटकातून आत आलेले.

आम्ही परत आल्यानंतर जावई फोनवर बातम्या देत राहिले. 2024 च्या शनिवारी पावसाने चिखल झाला, गर्दी आवरेना, शेवटी फाटके बंद केली आणि दारूविक्रीही थांबवली. सोळाव्या गलीच्या गॅलरीतून एक बाई खाली पडली. झॅक जॉन्सनसारखा मुरलेला खेळाडूही चिडून प्रेक्षकांवर उलटला. मग 2025 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळ अमेरिका विरुद्ध युरोप असा रायडर चषकाचा सामना झाला. 1999 साली याच चषकासाठी ब्रुकलाइनला कॉलिन माँटगोमेरीला लोकांनी इतक्या शिव्या दिल्या होत्या, की त्याचे वडील मैदान सोडून गेले. या वेळी रोरी मॅकिलरॉयचा नंबर लागला. ज्या बाईंना माइक देऊन सूत्रसंचालनाला उभे केले होते, त्यांनीच शिवीचा गजर केला आणि मग त्यांना ते काम सोडावे लागले. कोणी भिरकावलेला बिअरचा पेला रोरीच्या बायकोला लागला. युरोप जिंकले, 15 विरुद्ध 13.

हे ऐकून ही म्हणाली, "शी! कसली माणसं! बायकोनं काय घोडं मारलं होतं?"

मी काही बोललो नाही. कारण आता शेवटी सांगतो म्हटलेली गोष्ट सांगायला हवी.

त्या शुक्रवारी सोळाव्या गलीपाशी मी तासभर घडी घालून बसलो होतो. मग एक तरुण खेळाडू आला. नाव सांगत नाही. त्याचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला आणि हुर्यो उठली. आणि एक आवाज अगदी जवळून येतोय असे मला वाटले. पाहतो तो, माझाच! दोन्ही हात तोंडापाशी नेऊन मी, 'गप्प बसा' सर, हुर्यो करत होतो. आणि खोटे कशाला बोलू, फार बरे वाटत होते. वीस हजारांत आपला आवाज कोणाचा म्हणून ओळखू येत नाही, हे सुख मास्तरच्या नशिबी कुठले?

तो पोरगा खाली मान घालून आमच्यासमोरून चालत गेला. त्या मानेकडे बघताना मला एकदम आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन आठवले. सातवीतला एक मुलगा स्टेजवर वाक्य विसरला. सबंध हॉलने हुर्यो उडवली. पडद्याआड मीच उभा होतो. चौतीस वर्षांत ज्या एका क्षणी 'गप्प बसा' म्हणायला हवे होते, त्या क्षणी मी हसलो. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो अशीच मान घालून विंगेत आला. मी शाळेत होतो तोवर तो पुन्हा कधी स्टेजवर चढला नाही.

खड्ड्यातून त्या खेळाडूने झकास टोला मारला. चेंडू झेंड्यापाशी जाऊन थांबला. त्याच वीस हजारांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि त्यानेही टोपी उचलून मान लववली. त्याच्या दृष्टीने हिशेब मिटला होता. मीही टाळ्या वाजवल्या, हात दुखेपर्यंत. जावई म्हणाले, "बाबा, एकदम रंगात आलात!"

दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला. मुलीने गरम पाण्यात मीठ-हळद घालून गुळण्या करायला दिल्या. ही विचारत होती, "गप्प बसायच्या खेळाला गेलात आणि घसा कसा हो बसला?"

मी गुळण्याच करत राहिलो. तोंडात पाणी असले की बोलावे लागत नाही.